शहर शिवारात येतं, तेव्हा सातबारावर नाव कोणाचं?

आजच्या गप्पांचा विषय आहे जमीन. जमीन म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, ते पुरुषांचं बघायचं काम. खुरपायला आपण, निंदायला आपण, कांदा काढायला आपण, आणि कागदाचा विषय निघाला की आपण चुलीपाशी. म्हणूनच आज आम्ही हा विषय घेतला आहे.

पुणं वाढतंय हे आपण रोज बघतो. वर्तुळाकार रस्त्याची, म्हणजे रिंग रोडची मोजणी झाली. पुरंदर तालुक्यातल्या वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांत विमानतळ व्हायचं ठरलं आणि तिथल्या लोकांनी, बायकांनीही, विरोधाचे मोर्चे काढले. कुठे प्लॉटिंगच्या पाट्या लागल्यात, कुठे डोंगर फोडून मुरूम निघतोय. हे सगळं आजच घडतंय असं वाटतं. पण पुणं गेली दोनशे वर्षं असंच आजूबाजूची शिवारं आपल्यात घेत आलंय. ती शिवारं कशी बदलली आणि प्रत्येक बदलात बाईच्या हाताला काय लागलं, ते आज आपण बघू. सगळ्या बाजूंनी फिरलो तर वेळ पुरायचा नाही. म्हणून मुख्यतः पूर्वेकडचा पट्टा घेऊ : हडपसर, मुंढवा, मांजरी, फुरसुंगी.

गावं होती, त्यांचे रस्ते झाले

पेशवाईतलं पुणं म्हणजे मुठेच्या काठच्या पेठा. मधोमध कसबा आणि भोवती शनिवार, बुधवार, शुक्रवार. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी आणलं. शहराला पाणी बाहेरून आणावं लागतं, ही गोष्ट तेव्हापासूनची. पेठा संपल्या की शेतं लागायची. नदीपलीकडे भांबुर्डे आणि एरंडवणे, दक्षिणेला पर्वती, पूर्वेला घोरपडी आणि वानवडी. ही सगळी पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असलेली नांदती गावं होती.

१८१७ साली खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी पूर्वेला आणि खडकीला लष्कराच्या छावण्या बसवल्या. घोरपडी, वानवडीची जमीन कवायतीला, बराकींना, बंगल्यांना गेली. १८५८ मध्ये खंडाळ्याकडून पुण्यापर्यंत रेल्वे आली. पुढे भांबुर्ड्यात शेतकी महाविद्यालय उभं राहिलं, १९२० नंतर डेक्कन जिमखान्याकडे शेतांचे प्लॉट पडून बंगले झाले. भांबुर्ड्याचं नाव बदलून शिवाजीनगर झालं. आज तिथून बस जाते तेव्हा हे गाव होतं, इथे ज्वारी पिकायची, असं कोणाला सांगून पटत नाही. पण शेतकी महाविद्यालयाची शेतं शहराच्या मधोमध अजून दिसतात, आणि एरंडवण्याचं गावठाण अजून त्याच नावानं ओळखलं जातं.

यातून एक ध्यानात ठेवा. शहर गाव घेतं तेव्हा आधी शिवार जातं आणि गावठाण शेवटपर्यंत टिकतं. पोट मात्र शिवारावर असतं.

कालवा आला, बाईचं काम वाढलं

आता पूर्वेकडे वळू. हडपसर, मांजरी हा भाग आधी बहुतेक जिरायत. विहीर असेल तिथे मोटेवर थोडं बागायत, बाकी पावसाच्या भरवशावर ज्वारी-बाजरी. १८६० नंतरच्या दशकात सरकारने मुठा नदीवर खडकवासल्याला दगडी धरण बांधायला घेतलं. कॅप्टन फाइफ नावाच्या इंजिनिअरची ही योजना, म्हणून तलावाला इंग्रज लेक फाइफ म्हणत. १८७० नंतरच्या काही वर्षांत उजवा कालवा पुण्याच्या अंगाने हडपसर, लोणीवरून दौंडच्या दिशेने वाहू लागला. छावणीला आणि शहराला पाणी मिळालं आणि वाटेवरची शिवारं भिजली.

कालव्याने जमिनीचं रूपच पालटलं. जिथे एक पीक निघायचं तिथे ऊस उभा राहिला, भाजीपाला आला, फळबागा आल्या. शहर जवळ असल्याने माळव्याला गिऱ्हाईक होतं. आधी पुण्याची मंडई शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरायची. १८८६ मध्ये तिला दगडी इमारत मिळाली, तीच आजची महात्मा फुले मंडई.

महात्मा फुल्यांचं नाव इथे केवळ पाटीपुरतं नाही. त्यांचं मूळ घराणं फुलमाळ्यांचं, पुण्याला येण्याआधी काही काळ खानवडीत राहिलेलं. ज्या सात गावांत आज विमानतळ येऊ घातलंय, त्यातलंच हे एक गाव. मांजरीला कालव्याच्या पाण्यावर जोतीरावांनी स्वतः शेती केली. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात पाटबंधारे खात्यातले कामगार शेतकऱ्याला वेळेवर पाणी देत नाहीत, पट्टी मात्र वसूल करतात, ही तक्रार आहे. कालवा आला म्हणजे शेतकरी सुखी झाला, एवढं सोपं ते नव्हतं.

आता बाईच्या बाजूने बघा. जिरायत शेतात वर्षातले काही महिने काम असतं. बागायत झाली की बाराही महिने काम. पाणी धरायला, ऊस बांधायला, भाजी खुडायला, जुड्या बांधायला, पहाटे हारा डोक्यावर घेऊन मंडई गाठायला. पुण्याच्या पूर्वेची बागायत ही पुरुषाच्या नांगराइतकीच बाईच्या खुरप्यावर आणि पाटीवर उभी राहिली. जमिनीचं मोल वाढलं, त्यात तिची मेहनत होती. पण सरकारी दप्तरात खातेदार म्हणून नाव लागलं ते पुरुषाचं.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसेल त्याची जमीन झाली. मोठी गोष्ट होती ती, कितीतरी घरं त्याने वर आली. पण ‘कसेल त्याची’ म्हणताना कसणाऱ्या बाईचं नाव कूळ म्हणून क्वचितच लागलं. कूळ म्हणजे घरचा कर्ता पुरुष, असंच सगळ्यांनी धरलं. विधवा असली आणि मुलगा लहान असला तरच तिचं नाव यायचं, तेही बहुधा मुलगा मोठा होईपर्यंत.

कारखाने, पूर आणि नकाशावरची रेघ

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका झाली. १९५१ च्या जनगणनेत पुणे शहर पाच लाखांच्या आत होतं. पुढच्या वीस वर्षांत कारखाने आले. पिंपरीला १९५४ मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हडपसरला १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक, मुंढव्याला भारत फोर्ज, १९६६ मध्ये हडपसरलाच सीरम इन्स्टिट्यूट. १९६१ मध्ये राज्याने औद्योगिक विकासाचा कायदा केला आणि एमआयडीसी गावोगाव जमिनी घेऊ लागली.

त्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. हजारो घरं पडली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती वसल्या आणि शहर एकदम आपल्या जुन्या वेशीबाहेर पडलं.

यानंतरची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कारण ती नकाशावर घडते. महापालिका विकास आराखडा करते. त्यात जमिनीला रंग देतात. हा रंग घरांचा, हा कारखान्यांचा, हा बागेचा, आणि हिरवा रंग शेतीचा. शेतात उभं राहून काहीच कळत नाही. पीक तेच, बांध तोच. पण कचेरीतल्या नकाशावर रंग बदलला की त्या जमिनीचा भाव एका रात्रीत बदलतो. ज्याला हे आधी कळतं तो शेतकऱ्याकडून जुन्या भावाने जमीन घेतो आणि नव्या भावाने विकतो. ज्याला उशिरा कळतं तो विकून मोकळा झालेला असतो.

आणि शेतातल्या बाईला तर बहुधा सगळ्यात शेवटी कळतं. चावडीवर, हॉटेलात, पतसंस्थेच्या कट्ट्यावर जे बोललं जातं ते तिच्यापर्यंत येईस्तोवर विसार घेतलेला असतो.

एकर मोडून गुंठे

१९८० नंतर, आणि जास्त करून १९९० नंतर, पुण्याभोवती जमिनीचं माप बदललं. आपण एकरात बोलायचो, लोक गुंठ्यात बोलू लागले. एका एकराचे चाळीस गुंठे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तरी कागद इकडेतिकडे करून गुंठे विकले गेले. सातबारावर एका गटाला पंचवीस-तीस नावं लागली. रस्ता नाही, गटार नाही, पाण्याची सोय नाही, पण घरं झाली. शेवटी २००१ मध्ये सरकारला गुंठेवारी विकास कायदा करून ही घरं नियमित करायची वाट काढावी लागली.

याच काळात आपल्याकडे ‘गुंठामंत्री’ हा शब्द आला. गळ्यात सोन्याची जाड साखळी, दारात मोठी गाडी, आणि चार-पाच वर्षांनी रिकामा खिसा. लोक हसायला हा शब्द वापरतात. आपण जरा थांबून विचार करू. जमीन विकून आलेला पैसा कोणत्या खात्यात गेला? विक्रीचा निर्णय कोणी घेतला? गाडी कोणाच्या मनाने आली? आणि पैसा संपल्यावर दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करायला कोण गेलं? या चार प्रश्नांची उत्तरं आपल्या आसपासच्या घरांत सापडतात. सगळीच घरं बुडाली असं नाही. कोणी दुसरीकडे जमीन घेतली, मुलं शिकवली, भाड्याच्या खोल्या बांधल्या. जिथे घरात बसून, बायकांना विचारून ठरलं, तिथे पैसा टिकल्याचं आम्ही जास्त बघितलं आहे.

हडपसरला एक वेगळी वाटही निघाली. मगर भावकीची सुमारे चारशे एकर सलग जमीन, उसाची. आराखड्यात ती शहरात जाणार हे दिसत होतं. एकेकट्याने बिल्डरला विकली तर एकदाच पैसा मिळेल आणि भावकी फुटेल, असा विचार करून सतीश मगर यांच्या पुढाकाराने सव्वाशेच्या आसपास कुटुंबं एकत्र आली. त्यांनी जमीन विकली नाही. आपलीच कंपनी काढली, प्रत्येकाला जमिनीच्या प्रमाणात शेअर दिले आणि ते बाहेरच्याला विकायचे नाहीत असं ठरवलं. २००० साली मगरपट्टा सिटीचं बांधकाम सुरू झालं. घरातल्या तरुणांनी वीट, वाळू, वाहतूक, बागकाम अशी कंत्राटं घेतली. शेतकरीच बिल्डर झाला. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड गावात अशाच पद्धतीने सातशे एकरांच्या आसपास नांदेड सिटी उभी राहिली.

हे उदाहरण देशभर सांगतात आणि ते सांगण्यासारखंच आहे. एकजूट राहिली तर शहराशी घासाघीस करता येते, हे मगरपट्ट्याने दाखवलं. पण सगळ्यांना ते जमलं नाही, त्याची कारणं आहेत. त्यांची जमीन सलग होती, भावकी एक होती, पुढाकार घेणारा शिकलेला माणूस होता. दोन-दोन एकरांच्या, भांडणात अडकलेल्या जमिनींना हे अवघड जातं. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी, की शेअर जमिनीच्या प्रमाणात मिळतात. म्हणजे ज्याची कागदावर जमीन त्यालाच. चांगल्यातली चांगली योजना आली तरी ती सातबारा बघूनच दारात येते.

शहराचं उरलेलं आपल्याकडे

शहर फक्त जमीन घेत नाही. पाणी घेतं आणि कचरा देतं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठतं. त्यात शहराचा वाटा साडेअकरा टीएमसी ठरला होता, शहर त्याहून बरंच जास्त उचलतं. ज्या कालव्याने हडपसर, मांजरी पिकवली त्याचं पुढचं आवर्तन कधी सुटणार, हा दौंड, इंदापूरच्या शेतकऱ्याचा दर उन्हाळ्यातला प्रश्न झाला. शहराने वापरलेलं पाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून जुन्या बेबी कालव्यात सोडतात. त्या पाण्याच्या वासाच्या आणि पिकांच्या तक्रारी शेतकरी करत आले आहेत.

कचऱ्याचं म्हणाल तर उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीतला कचरा डेपो सगळ्यांना माहीत आहे. वर्षानुवर्षं पुण्याच्या गाड्या तिथे रित्या झाल्या. विहिरींचं पाणी नासलं, टँकरवर दिवस काढावे लागले. तिथल्या लोकांनी अनेकदा गाड्या अडवल्या, रस्त्यावर बसले. पाणी भरणं आणि आजारी माणसाची उस्तवार ही दोन्ही कामं घरात कोणाकडे असतात, हे वेगळं सांगायला नको.

गावं शहरात घेण्याचा खेळही बघा. १९९७ मध्ये अडतीस गावं पालिकेत आली, पुढे त्यातली पंधरा वगळली, तेवीस राहिली. २०१७ मध्ये फुरसुंगी, उरुळी देवाची, लोहगाव, धायरी, उंड्री अशी अकरा गावं आली. २०२१ मध्ये मांजरी, वाघोलीसह आणखी तेवीस आली आणि पालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली. २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची नगरपरिषद केली. आत घेताना ग्रामपंचायत बरखास्त होते. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. सरपंचबाईचं घर माहीत असतं, तिला पाण्यासाठी दारात जाऊन विचारता येतं. ती सोय जाते आणि नवी सोय यायला वर्षं लागतात.

जिच्याकडे जमीनच नव्हती

आतापर्यंत आपण जमीनवाल्या घरांचं बोललो. पण शेतं गेली तेव्हा त्या शेतांत रोजाने जाणाऱ्या बाईला काय मिळालं? जमिनीच्या व्यवहारात तिचा कागद नसतो, त्यामुळे तिला एक रुपयाही नसतो. फक्त तिचं काम जातं.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, नगरकडून अनेक कुटुंबं पुण्यात आली. बायकांनी धुणीभांडी केली, कचरा वेचला, बांधकामावर पाट्या उचलल्या. त्यांनी आपल्या संघटनाही उभ्या केल्या. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना झाली. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि २००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, जी आज घरोघर कचरा गोळा करते. जमीन नसली तरी एकीने हक्क मिळवता येतो, हे या बायकांनी दाखवलं.

बहिणीची सही

आता आजच्या मुद्द्यावर येऊ. पूर्वी गावात जमिनीची खरेदी व्हायची तेव्हा लग्न होऊन गेलेल्या बहिणीला कोणी विचारत नसे. आज विचारतात. का? कायदा बदलला आणि शहराचा पैसा आला. लाखाची जमीन कोटीची झाली. कोटी मोजणारा वकील लावतो, वकील तीस वर्षांचे कागद तपासतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि म्हणतो, बहिणींच्या सह्या आणा. मग माहेरचा फोन येतो. साडी-चोळी होते. एका कागदावर सही कर म्हणतात. तो कागद म्हणजे बहुतेक वेळा हक्कसोडपत्र.

सही करायची की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावं. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण काय सोडतोय हे कळून सोडावं. म्हणून थोडा कायदा.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला वारसा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हक्क मुलाचाच राहिला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने तो मुलीलाही दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर झालेली वाटणी किंवा विक्री यामुळे मोडत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांचा. मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, त्यातही बाईला वाटा आहे, त्याची माहिती वेगळी घ्यावी.

बायकोचं नाव लावायची गोष्टही नवी नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली. अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला. पुढे सरकारनेही पतीच्या नावाबरोबर पत्नीचं नाव लावायची योजना काढली. तेव्हा जमिनीला शहराचा भाव नव्हता म्हणून ते सोपं गेलं. आज तेच मागितलं की घरात आवाज चढतो. म्हणून आम्ही म्हणतो, भाव चढायच्या आधी बोलायचं ते बोलून घ्या.

आता करायचं काय, ते नीट ऐका.

आपल्या घरच्या आणि माहेरच्या जमिनीचा गट नंबर माहीत करून घ्या. सातबारा मोबाइलवर दिसतो, गटातली एखादी शिकलेली मुलगी काढून देईल. नावं कोणाची आहेत आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिलंय, ते वाचून घ्या.

घरात कोणी वारलं तर वारसनोंदीत सगळ्या वारसांची नावं लागतात ना, ते बघा. फेरफाराची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ती नोटीस चावडीवर लागते, ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावरही दिसते.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. विसार पावती, साठेखत, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र आणि हक्कसोडपत्र ही पाचही नावं पाठ करा. कुलमुखत्यारपत्राने दुसरा माणूस तुमच्या नावाने व्यवहार करू शकतो, हे विसरू नका.

सरकार जमीन घेत असेल तर कोणत्या कायद्याखाली, हे आधी विचारा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला वेगळं कुटुंब धरलं आहे. आधीची तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेले शेतमजूर आणि वाटेकरीही त्यात बाधित कुटुंब धरले जातात. एमआयडीसी, महामार्ग यांचे कायदे वेगळे असू शकतात, म्हणून विचारायचं.

आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो.

मैत्रिणींनो, जिरायतीची बागायत झाली, बागायतीची एमआयडीसी झाली, शेताची सोसायटी झाली. प्रत्येक वेळी जमिनीचं मोल चढलं आणि प्रत्येक वेळी बाईचं काम बदललं. वाटा मात्र कागद बघून झाला. शहर थांबवणं आपल्या हातात असेल-नसेल, आपला कागद बघणं मात्र आहे. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत वर्गणी झाली की एक काम करा. प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणायचा आणि मोठ्याने वाचायचा. कितीजणींचं नाव निघतं ते मोजा आणि आकडा आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण त्यावरच बोलू.